खेड्याचे माप कोण घेणार?

मोबाईलच्या पाचव्या पिढीची सेवा भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचे कौतुक ओसरण्यापूर्वीच सहाव्या पिढीची बोलणी सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'भारत सिक्स-जी'चे संकल्पपत्र प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या भावी पिढीचा आराखडा संमत केला. २०३० च्या सुमारास ही पिढी अवतरावी, असा सर्वांचा संकल्प आहे. या बातम्या वाचून नायगावच्या बाजारात कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला काय वाटत असेल? बहुधा काहीच नाही. जिनिव्हात बसून तज्ज्ञ काय ठरवतात, याच्याशी आपला संबंध काय, असेच तो म्हणेल. परंतु संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. तो आज ओळखला नाही तर पुढची पंधरा-वीस वर्षे पश्चात्तापाची पाळी येईल. म्हणूनच हा वरकरणी तांत्रिक वाटणारा विषय आम्ही आज पहिल्या पृष्ठावर घेत आहोत.

मोबाईल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि जे काम तलाठ्याच्या लेखणीने होत असे ते शेतकऱ्याच्या मोबाईलवर आले. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून सोयाबीनचे किंवा तुरीचे छायाचित्र काढावे, त्याबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जावेत आणि ती नोंद सरकारदरबारी रुजू व्हावी, अशी ही व्यवस्था आहे. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद हा पीकविम्याचा, नुकसानभरपाईचा आणि हमीभावाच्या खरेदीचा आधार असतो. स्वस्त धान्याच्या दुकानातले अंगठ्याचे यंत्रही याच बिनतारी लहरींवर चालते. विद्यार्थ्यांचे प्रवेशअर्ज, वृद्धांचे अनुदान, किराणा दुकानातला हिशेब, सारे काही तिच्याच स्वाधीन झाले आहे. ज्या शिवारात रेंज नाही, त्या शिवारातला शेतकरी अशा रीतीने केवळ बोलण्यालाच मुकत नाही. तो आपल्या हक्काच्या नोंदीला मुकण्याचा संभव असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस कोसळून हसनाळ आणि आसपासच्या गावांत पाणी शिरले, जीवितहानी झाली, सैन्याला पाचारण करावे लागले. अशा रात्री एक संदेश वेळेवर पोहोचणे आणि न पोहोचणे यांत केवढे अंतर असते, हे नांदेड जिल्ह्याला सांगण्याची गरज नाही.

आता, रेंजचा प्रश्न हा वाटपाचा प्रश्न आहे, संशोधनाचा नव्हे, असे पुष्कळ सुशिक्षितांनाही वाटते. यंत्रे तयार आहेत, ज्ञान तयार आहे. सरकारने किंवा कंपन्यांनी दहा मनोरे अधिक उभारले की काम झाले, असा त्यांचा समज आहे. आमच्या मते घोडे नेमके इथेच पेंड खाते. जे यंत्र शहरासाठी घडवले गेले ते खेड्यात नेऊन उभे केले म्हणजे ते खेड्याचे होत नाही. शहरात हजारो माणसे एका मनोऱ्याभोवती दाटीने राहतात आणि मनोऱ्याचा खर्च त्यांच्यात वाटला जातो. नायगाव तालुक्यातील गावे एकमेकांपासून अंतर राखून वसलेली आहेत. मधल्या काळ्या रानात दिवसभर माणसे असतात, परंतु ती विखुरलेली असतात आणि त्यांचा खिसाही मोठा नसतो. इथे मनोऱ्याचा खर्च भरून निघत नाही. वीज भरवशाची नसली तर बॅटरी आणि डिझेल यांचा भार त्यावर चढतो. मनोऱ्यापर्यंत काचतंतूची तार आलेली नसली तर तो मनोरा विहिरीवाचून उभ्या असलेल्या मोटेसारखा ठरतो.

यात निसर्गनियमाचाही वाटा आहे, आणि तो समजावून घेणे अवघड नाही. लहरीची कंप्रता जितकी अधिक तितकी तिची लांबी कमी. पाचव्या पिढीच्या सेवेसाठी आपल्याकडे मुख्यत्वे वापरात असलेली ३३०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे नऊ सेंटिमीटर लांबीची असते. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटरची. पहिली पुष्कळ माहिती वाहून नेते पण लवकर दमते आणि भिंतीला, झाडाला अडते. दुसरी तितके ओझे उचलत नाही, पण लांबवर जाते. दुसरी अडचण फोनची. मनोरा मोठ्याने ओरडू शकतो, परंतु शेतकऱ्याच्या खिशातला फोन वॅटच्या सुमारे पाचव्या हिश्शाने उत्तर देतो. मनोऱ्याची हाक शिवारात ऐकू येते, पण शिवारातली ओ मनोऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पीक पाहणीचे छायाचित्र 'जात नाही' म्हणून आपण त्रासतो, तेव्हा पुष्कळदा हेच घडलेले असते. ही ओ दूरवर कशी पोहोचवावी, हा निखळ अभियांत्रिकी संशोधनाचा प्रश्न आहे.

आणि संशोधनाने असे प्रश्न सुटतात, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. पाचव्या पिढीचे तंत्र पारखण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ज्या कसोट्या ठरवल्या, त्यांत ग्रामीण भागासाठी दोन मनोऱ्यांमधील अंतर १७३२ मीटर धरलेले होते. पावणेदोन किलोमीटरवर एक मनोरा! ज्या देशांत असे मनोरे परवडतात, त्यांच्या खेड्यांचे ते माप होते. भारतीय अभियंत्यांनी आग्रह धरला की आमच्या खेड्यांसाठी हे अंतर सहा किलोमीटर धरून कसोटी घेतली पाहिजे. तो आग्रह मान्य झाला आणि सहा किलोमीटरची स्वतंत्र कसोटी त्यांत समाविष्ट झाली. या फरकाचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. अंतर साडेतीन पट झाले की एका मनोऱ्याखाली येणारे क्षेत्र बारा पट होते. शंभर चौरस किलोमीटरच्या टापूला पहिल्या मापाने अडतीस मनोरे लागतील, तर दुसऱ्या मापाने तीन-चार. म्हणजे सेवा मिळणे आणि न मिळणे यांतील हा फरक आहे.

ही कसोटी पार करण्यासाठी मद्रास आणि हैदराबाद येथील आय.आय.टी.तील संशोधकांनी फोनची क्षीण ओ अधिक बळकट करणारी तरंगरचना पुढे आणली. भारताच्या दूरसंचार मानक संस्थेने सिद्ध केलेल्या या मानकाला 'फाइव्ह-जी-आय' असे नाव मिळाले आणि २०२०-२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यताही लाभली. पुढे वेगळे भारतीय मानक ठेवण्याऐवजी त्यातील मुख्य तत्त्वे जागतिक मानकाच्या सतराव्या आवृत्तीत विलीन करण्यात आली. वेगळी चूल मोडली म्हणून काहींना खंत वाटली. आम्हांला वाटत नाही. जगातल्या सर्व फोनांच्या घडणीत आपल्या खेड्याचे अंतर शिरले, तर त्यातच लाभ अधिक आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, माप ठरत असताना आपला माणूस तिथे हजर होता.

माप ठरताना आपण हजर नसलो म्हणजे काय होते, हे मराठवाड्याइतके कोणी जाणत नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामी राजवटीत मनमाडपासून गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे रेल्वे आली. खर्च कमी म्हणून तिचे रूळ मीटरमापी घातले गेले. त्या वेळी कोणी नांदेडच्या व्यापाऱ्याला किंवा परभणीच्या कुणब्याला विचारले नव्हते. परंतु त्या एका मापामुळे मनमाडला डबे बदलणे, माल उतरवणे आणि पुन्हा चढवणे हे आमच्या कपाळी आले. मनमाडच्या या वाटेवर रुंदमापी गाडी यायला स्वातंत्र्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. रुळांचे माप एकदा जमिनीत ठोकले की उपसून काढायला पिढ्या जातात. लहरींचे मापही असेच असते. ते डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्रातही या दिशेने मोलाचे काम झालेले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरदर्शनसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींचा अभ्यास केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील पंधरा वाहिन्यांपैकी किमान बारा वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र मोकळ्या आहेत, असा निष्कर्ष त्यांनी २०१४ मध्ये मांडला. पालघर भागातील खामलोली आणि परिसरातील सात गावांत त्यांनी या लहरींचा प्रत्यक्ष प्रयोग केला. काचतंतूची तार जिथे संपते, तिथून पुढच्या गावापर्यंत या दूरगामी लहरीने माहिती न्यायची आणि गावात साध्या वाय-फायने वाटायची, अशी ही योजना. 'ग्राममार्ग' या नावाच्या त्या उपक्रमाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. त्याच विचारातून निघालेली, विजेची आणि पैशाची काटकसर करणारी ग्रामीण ब्रॉडबँडची रचना 'आय-ट्रिपल-ई' या जगन्मान्य अभियंता-संस्थेने २०२४ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. पालघरच्या पाड्यांतून निघालेली कल्पना जगाच्या मानकग्रंथात गेली, याचा प्रत्येक महाराष्ट्रीयाला अभिमान वाटावा.

परंतु अभिमान बाळगताना एक प्रश्न विचारला पाहिजे. जे पालघरला जमले ते पुढे गावोगावी का गेले नाही? कारण प्रयोगासाठी परवाना मिळाला, पण त्या मोकळ्या लहरी नित्याच्या वापरासाठी खुल्या झाल्या नाहीत. लहरींना आपण जमिनीसारखी मालमत्ता मानले, आणि मालमत्ता म्हटली की ती लिलावात किती रकमेला जाईल याकडेच डोळे लागतात. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची कहाणी या दृष्टीने बोधप्रद आहे. खेड्यांना सर्वांत उपयोगी असा हा पट्टा २०१६ च्या लिलावात काढला तेव्हा सबंध देशासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये ही किमान किंमत ठेवली होती. कोणीही बोली लावली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली. तरी कोणी फिरकले नाही. अखेर २०२२ मध्ये ३,९२७ कोटींच्या दराने एका कंपनीने दहा मेगाहर्ट्झ घेतले. सहा वर्षे ही लहर ना सरकारच्या तिजोरीत पैसा होऊन आली, ना शेतकऱ्याच्या फोनमध्ये रेंज होऊन उतरली. पडीक ठेवलेल्या जमिनीत निदान गवत तरी उगवते. पडीक ठेवलेल्या लहरीत काहीच उगवत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे 'भारतनेट' हे नाव धारण केलेल्या योजनेने काचतंतू ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत नेण्याचे काम हाती घेतले. जुलै २०२२ मध्ये सेवेपासून वंचित असलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत संचार निगमच्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या जाळ्याचे उद्घाटन झाले. आपल्याच अभियंत्यांनी हे जाळे विणले, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि ग्रामपंचायतीच्या कचेरीत तार आली म्हणजे शिवारात लहर आली, असे होत नाही. कचेरीपासून बांधापर्यंतचे शेवटचे दोन-चार किलोमीटर हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोकणात एक, विदर्भाच्या जंगलात दुसरे आणि गोदाकाठच्या काळ्या मातीत तिसरे असणार.

उपग्रहांच्या नव्या सेवा येत असल्याने हा सारा खटाटोप व्यर्थ आहे, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. स्टारलिंकसारख्या कंपनीला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, हे खरे. दुर्गम डोंगरात, आपत्तीच्या प्रसंगी आणि तार न पोहोचलेल्या मनोऱ्याला जोडण्यासाठी उपग्रह उपयोगी पडेल. परंतु एका उपग्रहाच्या झोताखाली फार मोठा प्रदेश येतो आणि त्याची क्षमता त्या सर्वांत वाटली जाते. शिवाय त्याचे ग्रहणयंत्र घेणे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. आभाळातून साहाय्य जरूर घ्यावे. पण आभाळाकडे डोळे लावून बसण्याचे फळ काय असते, हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको!

मग हे काम कोणी करायचे? आमचे उत्तर स्पष्ट आहे: ते इथेच झाले पाहिजे. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे; तिथे दूरसंचाराचे शिक्षण दिले जाते. तिथेच १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. या संस्थांच्या दाराशी निसर्गाने एक प्रयोगशाळा मांडून ठेवली आहे. एका बाजूस नायगाव-बिलोलीचा गोदाकाठचा सपाट प्रदेश, दुसऱ्या बाजूस कंधार-मुखेडचा बालाघाटाचा चढउतार. तूर छातीएवढी वाढली की लहर किती क्षीण होते? कडुलिंबाच्या आणि बाभळीच्या राईमागे ती पोहोचते काय? मुसळधार पावसात मनोऱ्यांमधला दुवा किती वेळ तुटतो? खरिपाच्या नोंदणीच्या अखेरच्या दिवशी एका मनोऱ्यावर किती बोजा पडतो? सौर पट्ट्यांवर एक लहान मनोरा श्रावणाच्या झाकोळात किती दिवस तग धरील? या प्रश्नांची उत्तरे जिनिव्हात मिळणार नाहीत आणि पवईतही मिळणार नाहीत. ती शिवारात यंत्र घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्यांनाच मिळतील.

आज आमच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पुष्कळदा संगणकावरच्या आभासी जाळ्यावर होतात. त्या आभासी जाळ्यातील खेडे परदेशी ग्रंथातून उचललेले असते. तिथे लोडशेडिंग नसते, पोळा नसतो, आठवडी बाजार नसतो. आभासी प्रयोगाची उपयुक्तता आम्ही नाकारत नाही. परंतु त्याला पुरवलेले आकडे परके असतील तर त्यातून निघालेले उत्तर आपले कसे होईल? चार वर्षे शंभर विद्यार्थ्यांनी एका तालुक्याचे असे माप घेतले तर जी माहिती जमेल, तिला देशातच नव्हे तर आफ्रिकेतील आणि आग्नेय आशियातील कृषिप्रधान देशांतही मोल येईल.

पैशाची सबब इथे पुढे करता येणार नाही. दूरसंचार कंपन्यांच्या हिशेबी महसुलातून पाच टक्के रक्कम ग्रामीण सेवेसाठी म्हणून २००२ पासून वेगळी काढली जाते. अखेर ती ग्राहकांच्या बिलातूनच येते, म्हणजे ती तुमच्या-आमच्या खिशातली आहे. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने या निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. या निधीच्या वार्षिक जमेपैकी पाच टक्के भाग संशोधनासाठी राखण्याची योजना १ ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आली आहे. न वापरलेल्या लहरी परत घेण्याची तरतूदही त्याच अधिनियमात आहे. निधी आहे, कायदा आहे, संस्था आहे, प्रश्न तर दाराशीच उभा आहे. उणीव आहे ती मागणी करणाऱ्या आवाजाची.

तो आवाज शहरातल्या सुशिक्षितांनी उठवला पाहिजे. आपल्या घरात रेंज पुरेशी आहे म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असे नांदेडच्या मध्यमवर्गाने मानू नये. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे कुठल्या ना कुठल्या शिवारात आहेत. वडील गावी असतात, मुलगा पुण्यात किंवा हैदराबादेत असतो आणि दोघांना जोडणारा धागा हीच लहर असते. मोंढ्यातली उलाढाल ज्या मालावर चालते, त्या मालाची नोंदही त्याच शिवारातून व्हायची असते. खेड्याची ओ ऐकू येईनाशी झाली तर शहराची भरभराट फार दिवस टिकत नाही.

म्हणून आमची मागणी अशी आहे. विष्णुपुरीच्या दोन्ही संस्थांनी मिळून नायगाव तालुक्यात ग्रामीण बिनतारी ब्रॉडबँडचे प्रयोगक्षेत्र उभारावे आणि त्याचा प्रस्ताव येत्या शैक्षणिक वर्षातच सादर करावा. डिजिटल भारत निधीने त्याला संशोधनाचा पैसा द्यावा. दूरसंचार खात्याने दूरदर्शनच्या मोकळ्या लहरी आणि पडीक राहिलेला पट्टा जिल्ह्यापुरता का होईना, केवळ प्रयोगासाठी नव्हे तर सेवेसाठी खुला करावा. आणि तिथे मिळालेली मापे भारताच्या प्रतिनिधींनी सहाव्या पिढीच्या कसोट्या ठरवणाऱ्या बैठकांत मांडावीत. त्या पिढीच्या आराखड्यात 'सर्वव्यापी संपर्क' हे एक उद्दिष्ट म्हणून लिहिलेले आहे. सर्वव्यापी म्हणजे किती व्यापी, हे अजून ठरायचे आहे. कसोट्या एकदा कायम झाल्या की त्यानंतर केलेली तक्रार म्हणजे वरातीमागून घोडे.

मीटरमापी रुळांनी आम्हांला मनमाडला थांबवले, तेव्हा आम्ही पारतंत्र्यात होतो आणि आमच्याकडे अभियंते नव्हते. आज आम्ही स्वतंत्र आहोत, आणि अभियंते आमच्याच घरात जन्मलेले आहेत. आता माप दुसऱ्या कोणी घेतले, तर तो दोष परिस्थितीचा नसेल, आमचाच असेल.